कडू दुधी आणि लाल त्रिकोण

प्रश्न : भाज्यांवर फवारलेल्या कीटकनाशकांपेक्षा भाज्यांत मुळातच असलेली विषं कितीतरी पट जास्त असतात, असं वाचलं. हे खरं का? गावी शेती करणारा माझा धाकटा भाऊही म्हणतो, ‘शहरातले लोक उगाच घाबरतात.’ शिवाय आमच्या घरी सकाळी दुधीचा रस घेतात, तो चालू ठेवावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी रसाचं, कारण तिथे हयगय परवडणारी नाही. दुधी किसण्यापूर्वी दोन्ही टोकांकडची एकेक चकती कापून जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेकून द्या. साखर, लिंबू घालून चव झाकू नका. हा कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव आणि एकदम खाली येणारा रक्तदाब अशी त्याची बाधा असते, आणि तिच्यावर नेमका उतारा नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस पिऊन मृत्यू झाला. त्यात कारल्याचाही रस होता. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा ओळखू येत नाही, म्हणून हे दोन रस कधीच एकत्र करू नका.

आता तुम्ही वाचलेलं विधान. बर्कलीचे जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी सहकाऱ्यांसह १९९० साली एक हिशेब मांडला होता. अमेरिकी माणसाच्या पोटात जाणाऱ्या कीडनाशक द्रव्यांपैकी वजनाने ९९.९९ टक्के वनस्पतींनी स्वतः तयार केलेली असतात, रोज सुमारे दीड ग्रॅम. कृत्रिम कीटकनाशकांचे अवशेष जेमतेम ०.०९ मिलिग्रॅम. झाडाला जागचं हलता येत नाही, त्यामुळे अळी, बुरशी आणि गुरं यांच्यापासून ते रसायनांनीच स्वतःला वाचवतं. तेव्हा विधान निराधार नाही.

पण वजनावरून विषारीपणा ठरत नाही. शिवाय वनस्पतींच्या अनेक विषांशी आपल्या स्वयंपाकाची जुनी ओळख आहे. अळूच्या फदफद्यात चिंच पडते ती घसा खवखवू नये म्हणून. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळावा लागतो. चार-पाच कच्चे दाणेही माणसाला आजारी पाडू शकतात. हिरवट बटाट्याकडे मात्र अजून बऱ्याच घरांत दुर्लक्ष होतं. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो येतो, त्याच उजेडाने सोलॅनिनही वाढतं, आणि ते उकडून-तळून जात नाही. थोडासा हिरवा असेल तर साल जाड काढा, डोळे कोरून टाका. बराच हिरवा किंवा कडू असेल तर टाकून द्या.

‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ अशी रेघ मारून विष ओळखता येत नाही. तंबाखूतलं निकोटीन हे जुनं कीटकनाशक. कार्बामेट गटातली औषधं माणसाने तयार केली ती आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेच्या बियांमधल्या विषाच्या धर्तीवर. आणि ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची बाधा झालेल्या माणसाला जे ॲट्रोपिन टोचून वाचवतात, ते आपल्या धोत्र्यातही असतं. विचारायचं ते एवढंच : किती, किती वेळा आणि कुणाच्या शरीरात?

भावाचं म्हणणं मला इथे पटत नाही, आणि ते त्याच्यासाठीच. एम्स यांचा हिशेब ताटातल्या अवशेषांचा होता. फवारणाऱ्या माणसाचा नव्हता. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. त्यामुळे एरवी खाली राहणारा फवारा तोंडावर उडत होता. पाठीवर पंप, घामाने आणि औषधाने भिजलेला सदरा, तोंडाला फार तर रुमाल. ऑरगॅनोफॉस्फेट श्वासातून शिरतं तसंच कातडीतूनही शिरतं आणि नसांचे संदेश वेळेवर थांबवणारं विकर बंद पाडतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, उलट्या होतात, छाती भरून येते. त्या काळात वापरात असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉसही होतं. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी होती, कपाशीवर नव्हती. खाणाऱ्याचा विचार झाला, फवारणाऱ्याचा झाला नाही, याचा मला आजही संताप येतो.

तुमच्या स्वयंपाकघरापुरतं : भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वरवरचे अवशेष त्याने कमी होतात. झाडात भिनणारी औषधं धुऊन जात नाहीत. तिथे फवारणी आणि तोडणी यांमध्ये डब्यावर लिहिलेले दिवस शेतकऱ्याने पाळणं, हाच उपाय.

भावाला डब्यावरचा त्रिकोण बघायला सांगा. लाल सर्वांत जहाल. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. मनाने दोन-तीन औषधं एकत्र करू नयेत, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, औषध कालवताना हातमोजे हवेतच. गरगरलं, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर काम तिथेच थांबवून कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावं आणि लगेच दवाखाना गाठावा. जाताना औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल बरोबर न्यावं, म्हणजे डॉक्टरांना कोणत्या विषावर इलाज करायचा ते लगेच कळतं.