डोकेदुखी : प्रकार, कारणे आणि योगाने मिळणारा आराम



"बाई, डोकं दुखतंय" हे वाक्य वर्गात अधूनमधून कानावर पडतंच. घरी गेल्यावर आपणही तेच म्हणतो! मग बाम चोळायचा, नाहीतर गोळी घ्यायची, की विषय संपला. पण डोकेदुखी हा एकच आजार नाही. तिचे प्रकार वेगळे, कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. योगाचा उपयोग करून घ्यायचा असेल तर आधी आपली डोकेदुखी ओळखायला हवी.

मुळात दुखतं काय?
मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. दुखतात ती त्याभोवतीची आवरणे, रक्तवाहिन्या आणि डोक्या-मानेचे स्नायू व नसा. म्हणूनच मान आखडली की डोकंही धरतं.

मुख्य प्रकार

१) ताणाची डोकेदुखी : सर्वांत जास्त आढळणारी. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंनी दुखतं. उलटी होत नाही, कामही चालू राहतं. चिंता, जागरण, तासन्‌तास मान खाली घालून वह्या तपासणे किंवा मोबाईल पाहणे ही नेहमीची कारणे.

२) अर्धशिशी म्हणजेच मायग्रेन : डोकं ठणकतं, बहुधा एका बाजूला. उजेड आणि आवाज नको वाटतो, मळमळतं, जिना चढला तरी दुखणं वाढतं. मोठ्यांमध्ये हा त्रास ४ ते ७२ तास राहू शकतो. लहान मुलांत मात्र तो कमी वेळ टिकतो आणि अनेकदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना होतो. उपवास, अपुरी झोप, ऊन, उग्र वास, मासिक पाळी यांमुळे तो उफाळतो. आपल्याकडे उलटी झाली की "पित्त झालंय" म्हणतात. असं वारंवार होत असेल तर ती अर्धशिशी असू शकते.

३) क्लस्टर डोकेदुखी : क्वचित आढळते. एकाच डोळ्याभोवती असह्य कळा येतात, त्या बाजूचा डोळा लाल होऊन पाणी येतं. इथे डॉक्टरच हवेत.

४) इतर कारणांनी होणारी : ताप, सायनसचा त्रास, चष्म्याचा नंबर, दातदुखी, डोक्याला मार, खूप वाढलेला रक्तदाब.

गोळ्यांबाबत सावधान
आधीच डोकेदुखी असलेल्या माणसाने महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या सतत काही महिने घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं रोज दुखू लागतं. काही गोळ्यांना १० दिवसही पुरतात. म्हणून डब्यातली गोळी सहज तोंडात टाकू नका, आणि मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

योग कसा मदत करतो?
आसनांनी मान-खांद्यांचे आखडलेले स्नायू सैल होतात. संथ श्वसनाने मनाचा ताण उतरतो, झोप सुधारते. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी मायग्रेनच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत, फक्त औषध घेणाऱ्यांपेक्षा औषधासोबत योग करणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झाला. लक्षात घ्या, औषधासोबत. औषध सोडून नव्हे.

रोज १५-२० मिनिटे एवढं करा :
- मानेच्या हालचाली : पुढे-मागे, डावी-उजवीकडे, सावकाश. झटका नको.
- ताडासन आणि मार्जारासन : प्रत्येकी ५ वेळा, श्वासाच्या लयीत.
- शशांकासन : कपाळ जमिनीला टेकवून अर्धा मिनिट.
- अनुलोम-विलोम : ५ मिनिटे, श्वास न रोखता.
- भ्रामरी : ५ वेळा, हळू आवाजात.
- शवासन : ५ मिनिटे.

अर्धशिशीचा झटका चालू असताना आसने करू नका. अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहा. डोकं दुखत असताना शीर्षासन आणि जोरात कपालभाती टाळाच. मानेचा आजार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी?
- आयुष्यात कधी नव्हती एवढी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू झाली
- सोबत ताप आणि मान ताठ, किंवा झटके येणे
- बोलणे अडखळणे, हात-पाय लुळे पडणे, दोन-दोन दिसणे
- डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे
- मूल पहाटे डोकेदुखीने उठते आणि उलट्या करते, किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढते

आपण काय करू शकतो?
मुलाने डोकं दुखतंय म्हटलं की बहाणा समजू नका. सकाळी काही खाल्लं का, पाणी प्यायलं का, रात्री किती वाजता झोपलास, फळ्यावरचं नीट दिसतं का, हे चार प्रश्न विचारा. डोळे बारीक करून फळा पाहणाऱ्या मुलाचे डोळे तपासायला पालकांना सांगा. वारंवार त्रास असेल तर महिनाभर एका वहीत तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, किती झोप झाली आणि किती वेळ दुखलं हे लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्या. दुखण्याचं मूळ सापडायला तिची मोठी मदत होते.