कृष्णपुऱ्याहून रबातकडे

गेल्या पंधरवड्यात इंदुरात कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ एका गृहस्थांनी मला थांबविले आणि घड्यांवर विरलेली कन्येची गुणपत्रिका खिशातून काढून माझ्या हाती दिली. इतिहासात तिला उत्तम गुण. परंतु परराष्ट्रसेवेतच जाईन या तिच्या निश्चयाने घरात सर्वांच्या जिवाला घोर लागलेला.

समोरच कृष्णाबाई होळकरांची छत्री होती. महिदपुरास इंग्रजांकडून पराभव झाल्यावर, १८१८ च्या जानेवारीत, त्यांच्या अल्पवयीन मुलाच्या, मल्हाररावांच्या वतीने मंदसौरचा तह ज्या तात्या जोगांनी ठरविला, त्यांच्या पाठीशी मोडलेली फौज होती आणि हाती केवळ वाणी व समोरच्याचे मन ओळखण्याची हातोटी, हे मी त्या गृहस्थांस सांगितले. औंधचे अप्पासाहेब पंत कैरोत राजदूत असताना १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेव्हाही भांडवल तेच.

आज मोरोक्कोचे उदाहरण घ्यावे. माळव्यातील शेतकरी गव्हास जे डीएपी घालतो, त्यातील स्फुरदाचा मोठा पुरवठादार हा देश; सप्टेंबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह त्याच्या राजधानीत, रबातला, गेले असता संरक्षण सहकार्याचा करार झाला आणि बेरेशिद येथे टाटांचा चिलखती वाहनांचा कारखाना सुरू झाला. अशा मसुद्यातील एकेक शब्द तोलावयास अरबी व फ्रेंच जाणणारी माणसे लागतात. आणि घरी मराठी, सराफ्यात माळवी-हिंदी, शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या इंदुरी मुलास परकी भाषेचे भय वाटण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

परराष्ट्रसेवेची वाट म्हणजे पदवीनंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. खुल्या वर्गास २१ ते ३२ या वयात सहा संधी, आणि मुख्य परीक्षा मराठीतूनही लिहिता येते. या सेवेत निवड झाल्यावर एक परकी भाषा सक्तीची. लष्कराच्या वाटेने जावयाचे तर बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे. पुढे अनुभवी सेनाधिकाऱ्यांची नेमणूक वकिलातींतही होते. यश न आले तर, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणूनच परीक्षेच्या जोडीने भाषेची पदविका घ्यावी, दुभाष्याचे व भाषांतराचे काम तिच्या बळावर मिळते.

गृहस्थांनी गुणपत्रिका पूर्ववत घडी करून खिशात ठेवली व विचारले, “इंदुरात फ्रेंच कोठे शिकवितात?”