दिवाळीची ऑफर आणि गिटची ब्रँच : चालू वेबसाइटला धक्का न लावता बदल कसे करायचे

मागच्या व्हिडिओत दुकानाच्या वेबसाइटचा फोल्डर गिटमध्ये ठेवला, कमिट शिकलो. आज ब्रँच. पण आधी माझीच चूक सांगतो.

चंद्रपुरात माझं बांबूच्या वस्तूंचं दुकान आहे. वेबसाइटवर ऑर्डर घेतो. मेन ब्रँचवर जे असतं, तेच ग्राहकाला दिसतं. म्हणून ऑफरची तयारी वेगळ्या ब्रँचवर केली: गिट स्विच मायनस सी दिवाळी. ही कमांड फोल्डरची दुसरी कॉपी काढत नाही बरं का. ब्रँच म्हणजे एका कमिटवर लावलेली चिठ्ठी, म्हणून जुन्या लॅपटॉपवरही झटक्यात होते. नेटही लागत नाही. भामरागड, एटापल्लीकडच्या भावांनो, रेंज गेली तरी ब्रँच, कमिट, मर्ज सगळं चालतं. रेंज फक्त पुश आणि पुलला लागते. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट बनवलं तेच जगभर विखुरलेल्या लिनक्सवाल्यांसाठी.

तर, दिवाळी ब्रँचवर ऑफरच्या फाइलमध्ये 20 टक्के सूट टाकली. त्याच आठवड्यात मेनवर दराच्या फाइलमध्ये आकाशकंदील 450 वरून 380 केला, बाजारात भाव पडले होते म्हणून. मग मेनवर येऊन गिट मर्ज दिवाळी. कॉन्फ्लिक्ट एकही नाही! मी खूश.

कंदील विकला गेला 304 ला. मला पडला होता 320 ला. 60 कंदील गेल्यावर हिशेब केला तेव्हा कळलं, 960 रुपये खिशातून गेले.

गिटचं काही चुकलं नाही. दोन्हीकडे एकच ओळ बदलली असती तर ते थांबलं असतं, दोन्ही दर समोर ठेवून 'कोणता ठेवू?' विचारलं असतं. इथं फाइलीच वेगळ्या. गिट ओळी जुळवतं, नफा-तोटा नाही बघत.

आता मी उलटं करतो. दिवाळी ब्रँचवर असतानाच आधी गिट मर्ज मेन. म्हणजे ताजे दर ब्रँचवर येतात. मग तिथंच एक खोटी ऑर्डर टाकून बिल बघतो, खरेदीच्या वहीशी ताडतो. बरोबर असेल तरच गिट स्विच मेन, गिट मर्ज दिवाळी. आणि ब्रँच महिनाभर लोंबकळत ठेवू नका. जितके दिवस जास्त, तितके मेनवरचे बदल विसरता.

काम झालं की गिट ब्रँच मायनस डी दिवाळी. घाबरू नका, मर्ज झालेलं काम मेनमध्ये राहते. मर्ज करायचं राहिलं असेल तर गिट ब्रँच काढूच देत नाही.