कलियुग आलं म्हणून काय झालं?



गावात चोरी झाली, भावाभावांत भांडण लागलं, की पारावरची जुनी माणसं म्हणतात, "कलियुग आलंय बाबा, कलियुग!" हे कलियुग म्हणजे काय, ते आज पाहू.

पुराणांत चार युगे सांगितली आहेत : सत्य, त्रेता, द्वापर आणि कली. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या रेणुकामातेचे पुत्र परशुराम हे त्रेतायुगातले, तर कौरव-पांडवांचे युद्ध द्वापराच्या शेवटी झाले, असे मानतात. सत्ययुगात धर्मरूपी बैल चार पायांवर उभा होता. पुढे दर युगात त्याचा एक एक पाय गेला. कलियुगात एकच उरला.

युगांचा हिशेबही सोपा आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचे. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट आणि सत्ययुग चौपट.

आता गंमत पहा. दूरच्या ग्रीस देशातही अशीच कथा आहे. सुमारे २७०० वर्षांपूर्वी तिथे हेसिअड नावाचा कवी होऊन गेला. तो शेतीही करी. त्याने माणसांच्या पाच पिढ्या सांगितल्या : सोन्याची, चांदीची, काशाची, वीरांची आणि लोखंडाची. सोन्याच्या काळात जमीन आपोआप पिकायची, कुणाला कष्ट नव्हते. वीरांच्या काळात ट्रॉयचे मोठे युद्ध झाले. लोखंडाच्या काळात मात्र भाऊ भावाला विचारणार नाही, पाहुण्याला मान राहणार नाही. शेवटी तर पिकल्या केसांची बाळे जन्माला येतील! आपण याच काळात जन्मलो, याचे हेसिअडला वाईट वाटे.

त्याचा भाऊ पर्सेस. बापाच्या जमिनीच्या वाटणीवरून दोघांचा वाद होता. म्हणजे भावकीचं भांडण तिथंही होतंच! पण 'काळच वाईट, आता काय करायचं?' असे म्हणून हेसिअड गप्प बसला नाही. न्यायाने वाग, कष्ट कर, वेळेवर नांगर आणि पेर, असे त्याने भावाला बजावले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. हा भूकंप युगामुळे नव्हे, तर जमिनीखालच्या खडकांतला ताण मोकळा झाल्यामुळे झाला. तेव्हा ढिगारे उपसायला, भाकरी द्यायला, जखमींना उचलायला ठिकठिकाणची माणसे धावली. कुणी कुणाची जात विचारत बसले नाही, की हे कोणते युग म्हणून थांबले नाही.

मित्रांनो, युग आपल्या हातात नाही. शेजाऱ्याच्या हाकेला ओ देणं मात्र आपल्याच हातात आहे.

सांगा पाहू :
१) चारही युगांची मिळून वर्षे किती?
२) भूकंपाच्या वेळी मदतीला कोण कोण आले, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारा आणि वहीत पाच ओळी लिहा.