घोडीच्या कानानं मशीन निवडा

निफाड तालुक्यात थंडीच्या दिवसांत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि आमच्या मैनाच्या अंगावर अस्वलासारखे केस चढतात. मैना ही सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतून आणलेली काठेवाडी घोडी. दुपारी ऊन लागतं, तासभर रपेट झाली की ती घामानं निथळते. दाट केस अंधार पडेपर्यंत वाळत नाहीत आणि ओल्या अंगात गारठा शिरतो. म्हणून दर हिवाळ्यात तिला भादरावं लागतं. सात हिवाळ्यांत चार मशिनं हाताळली. एक दमलं, एक चुकीचं निघालं, एक जळलं, चौथं अजून चालतंय. त्यातून शिकलो ते असं.

१. दाढीचं ट्रिमर अंगाला लावू नये. पहिल्या वर्षी तेच लावलं. मानेवर वीतभर पट्टा झाला, पातं तापलं, बॅटरी संपली. मैना आठवडाभर तो पट्टा मिरवत हिंडली. मात्र ट्रिमर फेकला नाही. जबड्याखाली, कानांच्या कडांना आणि खुरांच्या वरच्या झुपक्यांना तोच बरा. अंगाला मोठं मशीन, तोंडाला लहान, अशी जोडीच लागते.

२. मेंढीचं मशीन घोड्याला नको. स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या वर्षी तेच घेऊन आलो. दिसायला सारखंच, फरक पात्यात. लोकर कातरायच्या पात्याला साधारणपणे खाली १३ दात आणि वर ४. दातांमधल्या रुंद फटीत काखेतली, मांडीतली सैल कातडी सहज सापडते. घोड्याच्या पात्याला दात बारीक आणि दाट असतात; खाली ३१ आणि वर १५ किंवा २३ असे आकडे सर्रास दिसतात. दुकानात आधी दात मोजा, मग भाव करा.

३. नंबर उलटे चालतात. सलूनमध्ये १ नंबरपेक्षा ४ नंबर म्हणजे केस जास्त लांब, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. जनावरांच्या लहान मशीनच्या पात्यांचं गणित नेमकं उलटं: नंबर मोठा तितके केस आखूड. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो, तर ४० नंबर जवळजवळ गुळगुळीत करतो; तो शस्त्रक्रियेआधी डॉक्टर वापरतात. मोठ्या मशीनच्या पात्यावर नंबराऐवजी मिलिमीटर पाहावेत. आपल्याकडच्या थंडीला २ ते ३ मिलिमीटर पुरे.

४. परदेशातून आणवताना व्होल्टेज वाचा. पुतण्यानं हौसेनं अमेरिकेतून मशीन पाठवलं. ते १२० व्होल्टचं, आपली वीज २३० ची. मी पिन बदलणारा अडॅप्टर लावला. त्यानं पिन बदलली, वीज बदलली नाही. मिनिटभरात धूर!

५. ताकद नंतर, आवाज आणि वजन आधी. विकणारा वॅट सांगतो. घोडीला वॅट कळत नाहीत, तिला घरघर कळते. मोठं मशीन किलोभराच्या आसपास असतं, आणि ते उचलून तास-दीड तास हात वर धरायचा असतो. विकत घेण्यापूर्वी चालू मशीन हातात घ्या, भिंतीवर घोड्याच्या पाठीइतक्या उंचीवर पाच मिनिटं फिरवा. मनगट बोललं तर दुसरं पाहा. मग डोळे मिटून आवाज ऐका. सलग, खोल घरघर घोडा सोसतो. कर्कश, खडखडता आवाज सोसत नाही. घरी आणल्यावरही लगेच भादरायला घेऊ नका. आम्ही आठवडाभर दाणा खाताना दूरवर मशीन चालू ठेवायचो, रोज थोडं जवळ आणायचो. मग बंद मशीन खांद्याला टेकवलं, शेवटी चालू. मैनाचे कान सैल पडले, तेव्हाच पहिला हात मारला.

६. वायर की बॅटरी? आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि वायर पायात आली की घोडं बुजतं. म्हणून चौथं मशीन बॅटरीचं घेतलं, तेही दोन बॅटऱ्यांसह. एकीत अर्धंच अंग होतं. वायरचं घेणार असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) बसवा आणि जमीन कोरडी ठेवा. पायाला लोखंडी नाल असलेलं जनावर आहे.

७. तेल मशीनचंच. गड्यानं एकदा खोबरेल घातलं. निफाडच्या थंडीत ते पात्यातच गोठलं. शेंगतेलही नको, ते चिकट होऊन बसतं. मशीनचं पातळ तेल दर पाच-दहा मिनिटांनी दोन थेंब सोडा आणि पातं मनगटाला लावून पाहा. आपल्याला चटका बसला तर तिलाही बसतो.

८. धार कुठे लागेल, हे आधी विचारा. सुऱ्या-कात्र्यांवाल्यानं चाकावर धरून पात्याचं वाटोळं केलं. दोन्ही पाती एकमेकांवर सपाट बसली तरच केस कापले जातात. म्हणून सुटी पाती सहज मिळतील तेच मशीन घ्या. आणि भादरण्याआधी खरारा करून, धुऊन, पूर्ण वाळवा. धुळीइतकी धार दुसरं काही मारत नाही.

९. कुठे थांबायचं ते ठरवा. डोळ्यांभोवतीच्या आणि ओठांवरच्या लांब मिशा म्हणजे घोड्याची बोटं. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं १ जुलै २०२१ पासून स्पर्धेतल्या घोड्यांचे हे केस काढायला बंदी घातली आहे. कानाच्या आतले केसही ठेवा, ते माश्या अडवतात. मैनाच्या गळ्यापाशी देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, आहे. शेजारचे तात्या बजावतात, "देवमणाला मशीन लावू नको रे!" शकुनाचं राहू द्या, पण भोवऱ्यात केस सगळीकडे वळतात, तिथे सरळ हात मारला की ओरखडे उठतात. भोवऱ्याभोवती प्रत्येक बाजूनं केसांच्या उलट दिशेनं जावं लागतं.

शेवटचं सांगतो. भादरलेल्या घोड्याला रात्री झूल लागते, कारण त्याची स्वतःची आपण काढून घेतलेली असते. झुलीचे पैसे बाजूला काढा आणि उरतील त्यात मशीन बसवा. तेवढे उरत नसतील तर यंदा गळा आणि पोटच भादरा. घाम तिथेच जास्त येतो.