नव्या लेबलाखालची जुनी चिप

व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्रासाठी घरच्या घरी कॅसेट तयार करू पाहणाऱ्या माणसाच्या हाताला वळण हवे, अंगी चिकाटी हवी आणि गाठीला थोडा पैसा हवा, हे सर्वच जण सांगतात. परंतु ज्या चिपवर सगळा डोलारा उभा राहायचा ती मुळात कोठून आली आणि तिच्या अंगावरचा मजकूर खरा की खोटा, याची रुजुवात कशी करावी, हे मात्र कोणी सांगत नाही. मला ज्या व्यापाऱ्याने माल दिला त्याने तो माल निकामी ठरल्यावर, ‘मास्तरांचा सोल्डरिंगचा हात कच्चा आहे’, असे माझ्या परिचयातील कारागिरांपाशी बिनदिक्कत बोलून ठेवले. ते बोलणे जालन्यापासून अंबडपर्यंत पसरल्यावर गप्प बसणे म्हणजे त्याला दुजोरा देणे होय; म्हणून माझी कैफियत लिहून ठेवीत आहे, आणि त्यातून दुसऱ्या कोणाचा पैसा वाचला तर तेही इष्टच.

कॅसेट कसली होती ते थोडक्यात सांगतो. समुराई, मीडिया अशा नावांनी नव्वदच्या दशकात आपल्या घरांत शिरलेली यंत्रे ही जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरच्याच वळणाची, साठ पिनांची. घनसावंगी तालुक्यातील एका शाळेला कोणी तरी अशी जुनी यंत्रे टीव्हीसह भेट दिली होती, आणि मुलांनी त्यावर नुसत्या गोळ्या झाडण्यापेक्षा पावकी, निमकी, पाऊणकी खेळत खेळत पाठ करावी अशी तेथील गुरुजींची इच्छा होती. प्रोग्राम मी स्वतः लिहिला. दुसऱ्याचा खेळ उतरवून घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकाच्या प्रोग्रामलाही साहित्यकृतीचा दर्जा दिलेला आहे, आणि आयुष्यभर वर्गात नक्कल करणाऱ्यांना समज दिलेल्या माणसाने निवृत्तीनंतर तेच करावे हे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

जागा थोडी होती: प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट, म्हणजे सुप्रसिद्ध मारिओचा पहिला खेळ ज्या ४० किलोबाइटांत बसला तेवढीच. पार्श्वभूमीसाठी आठ बाय आठ ठिपक्यांच्या २५६ चौकटी मिळतात. शिरोरेषा, वेलांटी आणि उकार यांसह देवनागरी अक्षर एका चौकटीत मावत नाही, त्याला चार लागतात, आणि म्हणून सगळ्या खेळाची भाषा अधिकात अधिक ६४ अक्षराकृतींत बसवावी लागते. ‘पाऊणकी’मधला ‘ऊ’ सुबक बसला तेव्हा झालेला आनंद मी कोणत्याही मोबदल्याशी बदलणार नाही.

चिपा घेतल्या त्या मोठ्या शहरातील एका व्यापाऱ्याकडून. प्रोग्रामसाठी २७सी२५६ आणि चित्रांसाठी २७सी६४, दोन्ही काचेच्या खिडकीच्या, अतिनील किरणांनी पुसल्या जाणाऱ्या. “सर, माल फर्स्ट क्लास आहे, कंपनीचा कोरा, डोळे झाकून घ्या,” हे त्याचे शब्द. पक्क्या बिलाचा आग्रह मी धरला आणि अठरा टक्के कर भरून ते घेतलेही. मात्र त्याने बिलावर चिपेचा क्रमांक न घालता नुसते ‘आय.सी.’ एवढेच लिहिले, आणि विचारता ‘आमच्याकडे असेच लिहितात’ असा खुलासा केला. घरी आल्यावर प्रत्येक चिप कोरी असल्याची तपासणी केली, तीवर मजकूर चढवला, चढलेला मजकूर मूळ फाइलशी ताडून पाहिला, खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवली, आणि मगच ती बोर्डावर बसवली. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी कॅसेटी शाळेत पोहोचल्या, मुलांनी त्या आनंदाने खेळल्या, आणि सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा गुरुजींचा फोन आला की पडद्यावर ठिपके पडू लागले आहेत.

व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, “सर, सोल्डरिंग कोणी केले?” असा होता, आणि ‘मीच’ हे उत्तर मिळताच पुढचे काहीही ऐकून घेण्याची गरज त्याला उरली नाही. ड्राय सोल्डर झाले असेल, खिडकी उघडी राहिली असेल, इस्त्री जास्त तापली असेल, अशी एकामागून एक कारणे त्याने पुढे केली. “चिप खराब असती तर तुम्ही लिहू शकला असता का?” हा त्याचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद. तो ऐकून समोरचा माणूस गप्प होतो हे त्याला ठाऊक होते, आणि या आधी किती जण गप्प झाले असतील याचा विचार केला की माझा संताप अजूनही शमत नाही.

मी त्या ठिपक्यांकडे पाहत बसलो. खेळ नीट चालू होता, आवाज येत होता, मुलाने बटण दाबले की उत्तर बरोबर की चूक हे यंत्र अचूक सांगत होते. बिघाड होता तो केवळ चित्रांच्या चिपेत. त्यातही अक्षरांची एकही रेघ तुटलेली नव्हती. जेथे काळी मोकळी जागा असावयाची तेथे मात्र पांढरे-करडे ठिपके उगवले होते, आणि पडद्यावर जेथे जेथे ‘पा’ येई तेथे तेथे त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तोच ठिपका, यंत्र कितीही वेळा बंद-चालू केले तरी त्याच जागी. सोल्डर सुटले असते तर सगळ्या चित्राचा विचका झाला असता; तो असा एका अक्षराचा एक कोपरा निवडून बसला नसता. चिप काढून पुन्हा वाचली आणि मूळ फाइलशी ताडली. जेथे जेथे फरक होता तेथे तेथे शून्याचा एक झाला होता; एकाचा शून्य एकाही ठिकाणी झालेला नव्हता. ज्यांना हे तंत्र ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ सांगावयास नको: पुसलेल्या चिपेत सर्वत्र एक असतो, लिहिणे म्हणजे निवडक जागी विद्युत्भार कोंडून शून्य करणे, आणि शून्याचा आपोआप एक होणे म्हणजे तो कोंडलेला भार गळून जाणे.

राहिला खिडकीचा आरोप. पट्टी जागेवर होती, आणि वर कॅसेटचे बंद कवच होते. शिवाय चिपांच्या माहितीपत्रकांतच लिहिलेले असते की खिडकी उघडी ठेवली तरी खोलीतल्या ट्यूबलाइटने चिप पुसली जाण्यास सुमारे तीन वर्षे लागतात आणि थेट उन्हात सुमारे एक आठवडा.

मग मी नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणात, म्हणजे ॲसिटोनमध्ये, कापूस बुडवून त्याच चिपेच्या अंगावर फिरवला. कापूस काळा झाला, स्वच्छ छापलेली नवी अक्षरे त्याबरोबर निघून आली, आणि त्या रंगाच्या थराखालून दुसऱ्याच कंपनीचे अस्पष्ट नाव व ‘८९३४’ हा संकेत वर आला. १९८९ सालचा चौतिसावा आठवडा! कोणत्या तरी भंगारात निघालेल्या यंत्रातून उपटलेली, वर्षानुवर्षे राबलेली, पुन्हा पुन्हा पुसलेली चिप घासून, रंगवून, नवे नाव चढवून मला कोऱ्या मालाच्या भावाने विकली गेली होती.

त्या कापसाचे, चिपेचे आणि ताळ्याच्या तक्त्याचे छायाचित्र मी व्यापाऱ्याला पाठवले. उत्तर आले ते एका ओळीचे: “बिलावर कोणती चिप लिहिली आहे ते बघा सर.” त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले, आणि माझ्या कच्च्या हाताची वार्ता मात्र चहूकडे जाऊ लागली.

आता या वाटेने जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. घाई करू नये, स्वस्ताला भुलू नये, जाणत्याला विचारावे, हे तर आहेच.

खिडकीच्या चिपांचे उत्पादन बहुतेक कारखान्यांनी केव्हाच थांबवलेले आहे, तेव्हा अशी चिप कोणी ‘ताजी’ म्हणून दाखवली तर संशय घ्यावा. नव्या चिपेचे पाय किंचित बाहेर झुकलेले आणि एकसारखे असतात. सरळ दाबलेले, टोकाशी कथिलाचा अंश असलेले पाय म्हणजे ती पूर्वी कोठे तरी बसून आलेली आहे. पुष्कळ घेण्याआधी एक घ्यावी आणि ॲसिटोनने पुसून पाहावी. प्रोग्रामर यंत्र चिपेची अंतर्गत ओळख वाचते. ती ओळख जुळत नसेल तर ‘ती तपासणी बंद करा, चालते’ असा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये. मजकूर चढवल्यावर लगेचच्या ताळ्यावर विसंबू नये. महिनाभर ठेवून पुन्हा वाचावे. त्यापेक्षाही उत्तम म्हणजे खिडकीचा नाद सोडून ३९एसएफ०१० सारखी, विजेनेच पुसली जाणारी फ्लॅश चिप अधिकृत वितरकाकडून घ्यावी. तिचे पाय २८ ऐवजी ३२ असतात, लेखनाचा पाय पाच व्होल्टला आणि पत्त्याचे रिकामे पाय जमिनीला जोडावे लागतात. मी शाळेच्या कॅसेटी अशाच नव्याने करून दिल्या आणि त्या उत्तम चालत आहेत.

बोर्ड करवून घेताना जाडी १.२ मिलिमीटर सांगावी. काही न सांगता १.६ चा बोर्ड मिळतो आणि तो यंत्राच्या खाचेतील पट्ट्या कायमच्या फाकवतो. पंचेचाळीस आणि सेहेचाळीस क्रमांकाच्या पिना कॅसेटच्या बोर्डावर एकमेकींना जोडाव्यात, अन्यथा पुष्कळ यंत्रांत चित्र येते पण आवाज येत नाही, आणि माणूस निष्कारण प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. मुलांना कॅसेटमध्ये फुंकर मारू देऊ नये. वाफेने पिना गंजतात.

सर्वांत महत्त्वाचे बिलाचे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना केली तेव्हापासून जालना बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि बियाणे उगवले नाही तर पिशवी, तिच्यावरचे लेबल, पावती आणि मूठभर बियाणे जपून ठेवल्याशिवाय दाद लागत नाही हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. चिपेच्या बाबतीत तीच शिस्त पाळावी. वेष्टन ठेवावे, न वापरलेली एक चिप नमुना म्हणून बाजूला ठेवावी, संभाषण लेखी करावे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कायद्यापुढे टिकत नाही: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. मात्र पुनर्विक्रीसाठी माल घेणाऱ्यास ग्राहक मानत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

माझी तक्रार मी दाखल केली आहे. तिचा निकाल लागायचा तेव्हा लागेल; तोवर वाचकांना एवढीच विनंती की बिलावर चिपेचा पूर्ण क्रमांक आणि ‘नवीन’ हा शब्द लिहून देण्यास जो व्यापारी नकार देईल, त्याच्याकडून एक रुपयाचाही माल घेऊ नका.