ट्रॅक्टर गरम होतोय? आधी तपासा, मग पार्ट विका



ट्रॅक्टर स्पेअर पार्टचं दुकान किंवा छोटं गॅरेज टाकायचा विचार असेल, तर हा धडा तुमच्यासाठी आहे. आपल्या बिलोली भागात सोयाबीनची मळणी सुरू झाली की एक तक्रार हमखास येते, "दादा, जुना ट्रॅक्टर आहे, काटा लालवर जातोय."

माझं दुकान नवं असताना एका काकांनी हेच सांगितलं. मी ट्रॅक्टर न बघताच नवा रेडिएटर विकला. दोन दिवसांनी काका परत आले, इंजिन तसंच गरम. जाऊन बघितलं तर फॅन बेल्ट ढिला! रेडिएटर परत घेऊन पैसे दिले, पण ऐन मळणीतले त्यांचे दोन दिवस कुठून देणार?

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी फुकटाची तपासणी, मग स्वस्त पार्ट, महाग काम शेवटी.

पण त्याआधी एक गोष्ट. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. गरम इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

१. जाळी: रेडिएटरच्या पात्यांत भुसकट अडकलंय का? इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हलकी हवा मारा.

२. पाणी: पातळी कमी आहे का? होस पाइप गळतोय का? झाकणाचं रबर फाटलंय का?

३. फॅन बेल्ट: इंजिन बंद ठेवून अंगठ्याने दाबा. साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर ताण द्या. चिरा पडल्या असतील तर बदला.

४. थर्मोस्टॅट: काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवा. साधारण ८० अंशांच्या पुढे तो उघडायला लागतो. पाणी उकळलं तरी बंदच राहिला तर खराब. काहीजण तो काढूनच टाकतात. तसं करू नका, इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल जास्त जातं.

५. वॉटर पंप आणि आतला थर: पंपाखाली पाणी ठिबकतंय का, बेअरिंग वाजतंय का, बघा. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात. आतून धुवून घ्या आणि पुढे कूलंट वापरायला सांगा.

६. हेड गॅस्केट: ऑइल दुधाळ झालंय, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत? मग इंजिन बंद ठेवा आणि जाणकार मेकॅनिकला बोलवा. (बुडबुडे बघायचे तर थंड इंजिनाचं झाकण आधी काढा, मग इंजिन चालू करा.)

आणि गिऱ्हाइकाला हे विचारायला विसरू नका: कोणतं अवजार, कोणता गिअर? काळ्या रानात ताकदीबाहेरचं अवजार ओढलं तर चांगलं इंजिनही तापतं.

आता धंद्याचं बोला. तपासणी ही सेवा आहे, तिचे पैसे आधी सांगून घ्या. बेल्ट विकून मार्जिन थोडंच सुटेल, पण विनाकारण रेडिएटर न विकणारा दुकानदार म्हणून गावात नाव होईल. पुढच्या हंगामात गिऱ्हाईक त्याच नावावर येतं.

आजचं काम: हे सहा मुद्दे एका पुठ्ठ्यावर लिहा आणि काउंटरच्या मागे लावा. कुठलाही पार्ट कपाटातून काढण्याआधी त्यावर एक नजर टाका.